धंतोलीची जाफरी

२ डिसेंबर १९७३, रविवार

आजचे, क्रमाने:

१. बाबांचे क्वार्टर मार्चअखेर सोडायचे, असे त्यांच्या ऑफिसचे पत्र कालच आले होते. आईने ते आज वाचले. बाबांना जाऊन वर्ष होत आले. आता मुदतवाढ नाही.
२. आईने घडी घालून ते डब्याखाली ठेवले आणि कणीक मळायला घेतली.
३. दुपारी दोघी प्रताप नगरला एक घर पाहून आलो. नवे, स्लॅबचे.
४. परतताना धंतोलीत एक जुना बंगला पाहिला. विकायचा आहे. बाहेरूनच पाहिला, कुलूप होते.
५. आई म्हणाली, प्रताप नगरचं बरं आहे.
६. मी वळून पुन्हा बंगल्याकडे पाहिले.

प्रताप नगरच्या घरात खोट काढता आली नाही. नळ आत, संडास आत, भिंती सरळ. छत मात्र हात वर केला की लागेलसे वाटते. मे महिन्यात त्या स्लॅबखाली आईचे काय होईल ते मला कळते. क्वार्टरमध्ये कौले आहेत, तरी ती उन्हाळाभर ओले पातळ अंगावर घेऊन पडून असते.

बंगला एका वकिलाने बांधलेला. दारावर चुन्यात १९२६ कोरले आहे. मंगलोरी कौले, समोर पूर्ण लांबीचा व्हरांडा, त्याला खालपासून वरपर्यंत सागाच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाफरी. बाबा मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे ते याच गल्लीने. जाफरीच्या भोकांतून व्हरांड्याच्या कडेचे कडुलिंबाचे झाड तुकड्या-तुकड्यांनी पळताना दिसायचे. हे आईला सांगितले नाही.

५ डिसेंबर, बुधवार

बंगल्याचे मालक आईच्या माहेरच्या ओळखीचे निघाले. काटोलचे नानाजी, संत्र्याचे व्यापारी. मुले नागपूरला शिकत होती तेव्हा घेतला होता. मुले शिकून गेली. आता हंगामात संत्री ठेवायला वापरतात.

आई : "त्याले मी लहानपणापासून ओळखते. माणूस खोटा नाही. पन व्यापारी आहे."

९ डिसेंबर, रविवार

नानाजी सकाळच्या बसने आले, बंगला उघडला. बैठकीच्या खोलीत तणसावर संत्र्यांचे ढीग. घरभर सालीचा वास. तणस बाजूला सारून फरशी पाहिली. तांबडा-काळा-पिवळा नक्षीचा चौक, मधे एकही तुकडा बदललेला नाही. खोल्यांच्या दारांवर रंगीत काचा, दोन तडकलेल्या. छताला ओढायच्या पंख्याच्या लोखंडी कड्या अजून आहेत. खिडक्यांच्या झडपा उघडतात, मिटतात. भिंती दीड हातापेक्षा जाड. आत शिरताच गार.

मी भिंती ठोकून पाहत होते. पोकळ आवाज कुठे येतो ते कळते.

नानाजी : "भितीले काय ठोकून पाहून राहिली वं? टरबूज हाये का ते?"

आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

मी म्हटले, घराची पाहणी अशीच करतात. ते म्हणाले, "कर बापा, कर. आमी पोरगी पाह्याले जातो तं पानी पिऊन हो म्हनून येतो. तू तं घराची नाडी पाहून राहिली."

मला इंजिनेरबाई म्हणतात. मी डिप्लोमावाली, ऑफिसातल्या पाटीवर माझे पद 'ड्राफ्ट्समन' असे आहे, हे सांगितले. त्यांना फरक पडला नाही.

किंमत आमच्या आटोक्यातली सांगितली. बाबांचा फंड आणि माझे कर्ज मिळून जमते. त्यांना दुसरे गिऱ्हाईक नाही. जुनी घरे आता कोण घेते.

१६ डिसेंबर, रविवार

दिवसभर धं.ला, बंगल्यावर. एकटी. किल्ली नानाजींनी आईजवळच ठेवली आहे. टेप, ओळंबा, टॉर्च. पूर्ण माप घेतले.

जाफरी नीट पाहिली. पट्ट्या एकमेकींत अर्ध्या-अर्ध्या खाचेने बसवल्या आहेत, एकही खिळा नाही. सुतार कोण होता ते आता कुणाला माहीत नसणार. डाव्या टोकाला हातगाडीचे धक्के लागून तीन पट्ट्या मोडल्या आहेत. तिथे कुणीतरी पॅकिंगच्या पेटीची फळी ठोकली आहे. खिळ्यांनी.

ती फळी काढून टाकली. डोळ्यांना खुपत होती.

१९ डिसेंबर, बुधवार

जेवणाच्या सुटीत धं.चा नकाशा शाईत घेतला. जाफरीपुरता काढायचा होता. मग छताच्या कैच्या, म्हणजे कौलांचा भार घेणारे लाकडी त्रिकोण, वासे, दारे, चौकटी असे सगळेच काढले. प्रत्येक लाकडाला नंबर, लांबी-रुंदी-जाडी. जाफरीच्या पट्ट्यांना जा-१, जा-२ असे. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, एवढं तर आपण धरणाचंही काढत नाही.

चांगला झाला आहे. हे इथेच लिहिते.

२३ डिसेंबर, रविवार

नानाजी आले होते. चहा घेतला. मग स्वतःच म्हणाले :

"उद्या अवस हाये. परवापासून पौष. पौषात आमच्या घरी कोनी सौदा करत नाई, इसार घेत नाई. तुले घ्याचं असन तं आज हातावर काही ठेव. सव्वा रुपया ठेव. माह्यासाठी तेवढंच."

आईने माझ्याकडे पाहिले. तिने तांदूळ-सुपारीची वाटीही आधीच काढून ठेवली होती, हे नंतर कळले.

मी म्हटले, छताची आतून पाहणी राहिली आहे. एका कैचीत वाळवी आहे असे वाटते. ती पाहिल्याशिवाय हो म्हणणे बरोबर नाही. पौष संपेपर्यंत सगळे पाहून होईल, माघात पहिल्याच दिवशी इसार देते.

नानाजी : "जशी तुही मर्जी. घर कोठी पयून नाई चाललं."

ते गेल्यावर आई : "सव्वा रुपया होता वं. पसंत नसतं पडलं तर परत मागितला असता का त्यानं?"

"पाहिल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, आई."

"तू घर घेऊन राहिली का त्याची परीक्षा घेऊन राहिली?"

२६ डिसेंबर, बुधवार

रजा काढून छतात चढले. वाळवी एकाच कैचीच्या टोकाला, तीही जुनी, मेलेली. पटाशी घालून पाहिली. बाकी लाकूड लोखंडासारखे. तेवढे टोक कापून नवे जोडले की काम झाले.

म्हणजे रविवारी हो म्हणता आले असते.

पण जोड द्यायचा तर तशाच सागाचा. नवा साग मऊ, रंग वेगळा. जाफरीच्या तीन पट्ट्याही तशाच हव्यात. नाहीतर ती फळी काय वाईट होती.

२९ डिसेंबर, शनिवार

अर्ध्या दिवसानंतर लकडगंज. चार वखारी हिंडले. कुणी नमुना हातात घेऊन परत दिला, कुणी बाईमाणूस पाहून चहा मागवला आणि लाकूड दाखवलेच नाही. शेवटी मणिभाई शेठ. वयस्कर, पांढरी टोपी, आरा मशीन मागेच. मी आणलेला मोडका तुकडा त्यांनी नखाने खरवडला, नाकाला लावला.

"बेन, ये तो पुराना सीपी सागौन है. ऐसा माल अब कहाँ. पूरा देखे बगैर मैच नहीं होगा. घर दिखाओ."

सीपी म्हणजे जुन्या मध्यप्रांताचा साग. बरे वाटले. पहिला माणूस, ज्याला मी काय शोधते आहे ते कळले.

६ जानेवारी १९७४, रविवार

मणिभाईंना धं.ला नेले. नानाजीही होते, काटोलहून माल उतरत होता.

शेठने चपला पायरीखाली काढल्या. जाफरीवरून अंगठा फिरवला, आई पातळाचा पोत पाहते तसा. मग दारे. मग चौकटी. बोटाच्या पेराने ठोकत, कान देऊन. छताकडे बराच वेळ मान वर. मी त्यांना नकाशा दाखवला, कोणता तुकडा कुठला ते. ते नकाशाकडेही तसेच पाहत राहिले.

"आपने बनाया?"

"हो."

"बहुत साफ काम है, बेन. एक कॉपी छोड़ जाइए. आरे वाले को नाप दिखाना पड़ेगा."

माझ्याकडे दोन प्रिंट होत्या. एक दिली. पूर्ण घराची. तीन पट्ट्या आणि एका टोकाची मापे एका चिठ्ठीत मावली असती.

नानाजी संत्र्याच्या ढिगावरून : "काय म्हनते शेठ?"

मी म्हटले, "असे लाकूड आता मिळत नाही, म्हणतात. कुठेच नाही."

अशा तोऱ्यात म्हटले, जणू ते झाड मीच वाढवले होते.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

नानाजींनी बसवाल्याबरोबर संत्र्यांची पिशवी पाठवली. आईने उलट तिळगूळ पाठवला. आईने धं.च्या स्वयंपाकघरात चूल कुठे, देव्हारा कुठे ते मला आज पहिल्यांदा सांगितले. व्हरांड्यात पापड वाळत घालता येतील, जाफरीमुळे कावळा येणार नाही, असे म्हणाली. म्हणजे तिने ती पाहिली आहे.

लकडगंजहून निरोप नाही. पट्ट्या आठवड्यात देतो म्हणाले होते.

१९ जानेवारी, शनिवार

लकडगंजला गेले. शेठ नव्हते. मुनीम म्हणाला, "सेठ काटोल गए हैं." काटोलला जंगल नाही, आरा नाही. संत्री आहेत. लाकडाच्या व्यापाऱ्याला

पुढे लिहीत नाही. कारण काहीही असू शकते.

२४ जानेवारी, गुरुवार. माघ लागला

इसार घेऊन काटोलला गेले. रजा. बसमध्ये रिकाम्या करंड्यांचे ढीग, बसायला जागा त्यांच्यावर.

नानाजी मंडीत लिलावाजवळ होते. मला पाहून उठले नाहीत, मग उठले. आडोशाला नेले. चहा मागवला. दोघांनीही प्यायला नाही.

ते जे बोलले ते आठवते तसे :

"मनीशेठ येऊन गेला. दोनदा. तो म्हनते, मले घर नको, जमीन नको. फक्त लाकूड दे. जाफरी, दारं, कैच्या, समदं. जमीन तुही तुह्याजवळच राहीन. आता पाह्य बाई, तुले घर देल्लं तं जमीनही गेली. त्याले लाकूड देल्लं तं जमीन राह्यते आन् पैसाही येते. तुह्यापेक्षा जास्त."

मी विचारले, लाकडाचा हिशोब त्यांनी कसा केला? छतात तर ते चढले नव्हते.

"कागद होता न त्याच्याजवळ. बारीक लिहेलं होतं समदं. म्हने, चढाचं कामच नाई."

मग, खाली पाहून :

"तूच तं म्हनली वं, असं लाकूड कोठीच भेटत नाई. मले काय मालूम होतं? मी तं त्याले घर समजत होतो."

मी म्हटले, तुम्ही शब्द दिला होता.

"मी मांगला होता सव्वा रुपया. तू नाई देल्ला."

हे खरे आहे. त्यांनी ते टोचून म्हटले नाही.

जाफरीचा सौदा झाला आहे. छताचा आणि दारांचा अजून नाही, ते म्हणाले, "थांब म्हनलं त्याले. शिमग्यापर्यंत सांगतो म्हनलं. मले बी बरं वाटून नाई राह्यलं."

निघताना संत्र्यांची पिशवी हातात दिली. मी घेतली. का घेतली ते कळत नाही. बसमध्ये मांडीवर जड लागत होती.

२५ जानेवारी, शुक्रवार

आईला सांगितले. तिने संत्री सोलायला घेतली.

"काहून नेलं होतं त्या शेठले घरी?"

"तीन पट्ट्यांसाठी."

"फळी होती न तिथं."

"होती. मी काढली."

फोडींवरच्या शिरा ती एकेक करून काढत राहिली. मग बशी माझ्यापुढे सरकवली. एवढेच.

२७ जानेवारी, रविवार

प्रताप नगर पुन्हा. घरमालक नोकरीतले, सरळ माणूस. १८ फेब्रुवारीपर्यंत थांबतो म्हणाले, त्यानंतर दुसऱ्याला हो म्हणतील. आईने नळ उघडून पाहिला, बंद केला. छताकडे पाहिले नाही. मी पाहिले.

३ फेब्रुवारी, रविवार

धं.ला गेले. किल्ली परत करायची म्हणून.

जाफरी काढलेली. व्यवस्थित काढली आहे, एकही पट्टी तोडली नाही. खाचेतून खाच सोडवत गेले आहेत. मीही एक पट्टी सोडवून पाहिली असती तर कळले असते की ती अशी सुटते. व्हरांड्यात गठ्ठे बांधून ठेवले आहेत, हातगाडीची वाट पाहत. प्रत्येक पट्टीवर निळ्या खडूने नंबर. जा-१, जा-२, जा-३.

माझेच नंबर. अक्षर दुसऱ्याचे.

जिथे पट्ट्या नव्हत्या त्या तीन नंबरांवर गठ्ठ्यात उडी आहे. त्यांनी तेही पाळले आहे.

व्हरांड्यात ऊन सरळ आत येते, फरशीच्या चौकापर्यंत. रंग उन्हात वेगळेच दिसतात, तांबडा जास्त तांबडा. कडुलिंब एका तुकड्यात दिसतो. मोठा झाला आहे. की मी कधी पूर्ण पाहिलाच नव्हता.

आत गेले. आत अजूनही गार आहे. भिंती आहेत, कौले आहेत, कैच्या आहेत, ती एक मेलेल्या वाळवीची धरून. मला हे घर जाफरीसाठी हवे होते असे मी समजत होते. जाफरी नसलेल्या घरात मी बराच वेळ उभी राहिले, आणि मला ते अजूनही हवे आहे.

किल्ली परत केली नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आई रात्री जेवताना, ताटाकडे पाहत : "तिथं चिकाचा पडदा लावता येते. बांबूचा. पाणी मारलं की गार राहते. माझ्या माहेरी होता."

मी म्हटले, घर कुठे आहे आपल्याकडे.

"तूच म्हणून राहिली न, छताचा सौदा झाला नाही."

"चिकाच्या पडद्यानं व्हरांडा कसा दिसेल, आई."

"दिसन कसाही. त्याच्यामागं बसाचं आहे का त्याच्याकडं पाहाचं आहे?"

९ फेब्रुवारी, शनिवार

आज दुपारी हे पत्र टाकले. आधी खरडा चार वेळा केला. पहिल्या तिन्हींत कारणे होती. ती काढली. प्रत माझ्यासाठी इथे उतरवून ठेवते.

"ती. नानाजी यांस सा. न.

धंतोलीला रविवारी जाऊन आले. जाफरी निघालेली पाहिली. तिच्याबद्दल माझे आता काही म्हणणे नाही.

घर जसे आज आहे तसे, छत, दारे, फरशी आणि जमीन यांसह, आम्हांला हवे आहे. जाफरी गेली म्हणून मी किंमत कमी मागत नाही. छताची पाहणी पूर्ण झाली आहे. लाकूड चांगले आहे. त्यात बदलण्यासारखे काही नाही. एक टोक खराब आहे, ते तसेच राहू देऊ. मणिभाईंकडे माझा नकाशा आहे, तो परत मागू नये, त्यांना राहू द्यावा.

लाकडाची किंमत तुम्हांला कळली ती माझ्यामुळे. शेठ तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त देतील, हे मला माहीत आहे. तेवढे आम्ही देऊ शकत नाही. तरी विचारते आहे.

इसाराचा सव्वा रुपया आईने सुपारीच्या वाटीत ठेवला आहे. पाठवला नाही, तुम्ही हो म्हटल्यावर हातावर ठेवू. किल्ली माझ्याजवळ आहे. नाही म्हणाल तर त्याच दिवशी बसने पाठवीन.

आम्हांला १८ तारखेला दुसऱ्या घराबद्दल सांगायचे आहे. म्हणून रविवार, १७ फेब्रुवारीपर्यंत होय किंवा नाही ते कृपया कळवावे. कार्डावर एक शब्द लिहिला तरी चालेल.

आपली,
कुमुद"